अकरा गेटं आणि एकवीस किलोमीटर

मी आयुष्यात पहिल्यांदा धावायला निघाले त्या सकाळी माझे सासरे वारले, अशी बातमी आमच्या वटार गावभर पसरली.

सासरे तेव्हा ओट्यावर बसून चहा पीत होते. गणपती नुकतेच होऊन गेले होते. पहाटे साडेपाचला मी नवे बूट घालून वाडीच्या गेटातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागताच धावत सुटले. आमच्याकडे त्या वेळी माणसं रस्त्यावर असतात, नाही असं नाही. कोणी फुलं तोडायला निघालेलं असतं, कोणी दुधाला, कोणी चर्चला. पण सगळी चालत किंवा सायकलवर. चव्वेचाळीस वर्षांची सून रिकाम्या हाताने धावत निघाली म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं, असंच कोणीही समजणार. वाटेवरच्या एका वाडीतले काका चाफ्याच्या झाडावरून शिडी उतरून गेटाशी आले आणि ओरडले, "कोणाचं काय झालं?" मला धाप लागली होती, बोलता येईना. मी नुसता हात हलवला आणि पुढे गेले. घरात म्हातारं माणूस एकच, त्यामुळे काकांनी काय तो अंदाज बांधला.

वीस मिनिटांनी परत आले तर आमच्या गेटापुढे आठ-दहा माणसं जमलेली. एकाने उशीर होईल म्हणून ऑफिसला कळवूनही टाकलं होतं. सासरे ओट्यावर उभे राहून दोन्ही हात वर करून सांगत होते, "अहो, मी आहे! हा बघा, मी आहे!" माझ्या नवऱ्याने मला बघितलं, बुटांकडे बघितलं आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

धावायचं खूळ माझ्या डोक्यात मुलीने घातलं. ती पुण्याला शिकते आणि तिथल्या मैत्रिणींबरोबर धावते. आमच्या वसई-विरार शहरात हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन होती, तिचा फॉर्म तिने मला फोनवर दाखवला आणि वर म्हणाली, "आई, तुला नाही जमणार ते, एकवीस किलोमीटर आहे." मला जमणार नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी मूळची देशावरची. लग्न करून या केळी-चाफ्याच्या वाडीत आले तेव्हाही हिला नारळ सोलायला जमणार नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आता माझ्याइतके नारळ घरात कोणी सोलत नाही. मी तिच्यासमोरच फॉर्म भरला. तिने शरमून मला एक धावण्याचं घड्याळ पाठवलं आणि फोनवरूनच ते कसं लावायचं ते शिकवलं.

शिवाय माझा माझ्यावर विश्वास असायला कारण होतं. मी सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात नळाच्या पितळी भागांची मापं तपासते. हातात व्हर्निअर, समोर ट्रे. केसभर कमी-जास्त असलं तरी माल परत. लेथवरची माणसं माझ्या टेबलापाशी येताना जरा दबकत येतात. अशा बाईला मोजून-मापून तयारी करायला कितीसा वेळ लागणार? शर्यतीची अट होती तीन तासांची. तीन तासांत पोहोचला नाहीत तर रस्ता गाड्यांना मोकळा होतो आणि मागून येणाऱ्या बसमध्ये बसावं लागतं. कारखान्यात मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की मी अडीच तासांत येणार. आमच्या फोरमनने भिंतीवरच्या बोर्डावर, ऑर्डरींच्या खाली, खडूने लिहून ठेवलं: मॅडम, अडीच तास. ते कोणी पुसलं नाही.

त्या पहिल्या सकाळच्या गोंधळानंतर मी एक नियम केला. वाटेत ज्या ज्या गेटाशी कोणी उभं असेल तिथे थांबायचं, दोन शब्द बोलायचे, सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं आणि मगच पुढे जायचं. वटारपासून होळी गावातल्या भाजीच्या वाड्यांपर्यंत अशी अकरा गेटं निघाली. आमच्याकडे ओळखीच्या माणसासमोरून न बोलता जाणं म्हणजे भांडण असल्याची जाहीर कबुली. वरच्या आळीतल्या दोन घरांत अशाच एका न बोललेल्या सकाळवरून सोळा वर्षं येणं-जाणं नाही. तेव्हा मी थांबत असे.

थांबायला लागल्यावर मग कामंही चिकटली. "धावतेच आहेस तर एवढी पाकीटभर अबोली होळीला माझ्या बहिणीकडे टाक." "त्याच बाजूला चाललीस ना, मग त्यांना सांग, मोटार दुरुस्त झाली." एका रविवारी मी उजव्या हातात भेंडीची पिशवी आणि डाव्या हातात कोणाचं तरी आधार कार्ड घेऊन सहा किलोमीटर धावले. माझी तक्रार नव्हती. मी थांबले की घड्याळही आपोआप थांबायचं आणि निघाले की सुरू व्हायचं. मुलीनेच तसं लावून दिलं होतं. मला ते फार समजूतदार वाटायचं.

परतताना अकरावं लागणारं गेट खरं तर निघतानाचं पहिलं, आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. तिथे मावशी बसतात. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं. माहेर मिठागराकडचं. तरुणपणी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्या वसईच्या बाजारापर्यंत रोज चालत जायच्या आणि चालत यायच्या. आता वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा विरारला फ्लॅटमध्ये असतो, रविवारी दुपारी येतो. मावशी पहाटेच उठून गेटाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि जो जाईल त्याला कुठे चालला म्हणून विचारतात. मी दिसले की तांब्या-भांडं तयार. जाताना थांबायचं, येतानाही थांबायचं.

"पानी पिऊन जा, बाय. एवढी धावतेस, जायाचा कुठं?"

"कुठंच नाही, मावशी."

"कुठंच नाय?" त्यांना हे भारी गमतीचं वाटायचं. रोज तेच विचारायच्या, रोज मी तेच सांगायचे आणि रोज त्या हसायच्या. त्यानंतर गावाच्या बातम्या. त्यांच्याशी थांबून बोलणारं दिवसातलं पहिलं माणूस मीच असायचे, आणि बहुतेक वेळा शेवटचंही.

शर्यतीला पाच आठवडे असताना एका रविवारी मी पूर्ण एकवीस किलोमीटर धावले. घरी आले, घड्याळ बघितलं: दोन तास एकतीस मिनिटं. मी अंगणातच नाचले. सोमवारी कारखान्यात पेढे नेले. लेथवाले, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांना वाटले. फोरमन म्हणाला, "मॅडम, अजून शर्यत व्हायची आहे." मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि घड्याळ दाखवलं.

पेढा मावशींनाही नेऊन दिला. अडीच तासांत गेले आणि आले, असं सांगितलं.

मावशींनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "अडीच तास नाय झाले."

"झाले मावशी. मोजले मी."

"पयल्या मिस्सेची घंटा वाजत व्हती तवा तू गेलीस. दुसरी मिस्सा सुटून मानसं पाव घेऊन घरी आली तरी तुझा पत्ता नाय. मी पानी भरून ठेवलेला, तो गरम झाला."

रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सहाला असते, दुसरी आठला, आणि ती सुटते नऊच्या सुमाराला. एवढा हिशेब मलाही येतो. तरी मी हसले. म्हातारीचं काय ऐकायचं, असं मनात म्हटलं, हे कबूल करते. पण घरी आल्यावर चैन पडेना. रात्रीची भाजी चिरायची सोडून फोन घेतला आणि त्या रविवारचा तक्ता उघडला. वरती मोठ्या आकड्यांत दोन तास एकतीस. बोटाने खाली सरकवत गेले तर अगदी तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. एकूण वेळ: तीन तास एकोणीस मिनिटं.

अठ्ठेचाळीस मिनिटं मी गेटांवर उभी होते. म्हणजे एकवीस किलोमीटर मी एका दमात धावलेच नव्हते. दोन-दोन किलोमीटर धावून, पाणी पिऊन, गप्पा मारून, मांडीला आराम देऊन पुन्हा धावले होते. शर्यतीतलं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. असाच माल कोणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी ट्रेसकट परत पाठवला असता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला इतकी लाज वाटली की मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. पेढे मात्र सगळ्यांच्या पोटात गेले होते.

पुढच्या रविवारी न थांबता किती जमतं ते बघायला निघाले. बारा किलोमीटरवर पाय लाकडासारखे झाले आणि मी एका केळीच्या वाडीच्या कुंपणाला धरून उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मुलीसमोर, बोर्डावरच्या त्या खडूच्या ओळीसमोर मी बसमध्ये बसून येणार होते.

भीती वाटली की मी कामाला लागते. त्याच संध्याकाळी स्कूटर काढली आणि अकराही घरी जाऊन सांगून आले: आता महिनाभर मी थांबणार नाही, भांडण नाही, राग नाही, निरोप फोनवर सांगा, भेंडी रिक्षाने पाठवा. लोकांनी चांगलं घेतलं. काकांनी तर शिडीवरूनच "चालू द्या!" असं ओरडायचं कबूल केलं. दहा घरं झाली. अकराव्या गेटाशी मावशी होत्या.

"थांबनार नाय?" त्यांनी विचारलं.

"महिनाभरच, मावशी. शर्यत झाली की आहेच."

"बरा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गेटाशी खुर्ची नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. चौथ्या दिवशी मी धावता धावता आत नजर टाकली, तर दार लोटलेलं आणि ओट्यावर तांब्या पालथा. त्या दिवशी माझं धावणं फार चांगलं झालं, चौदा किलोमीटर एका दमात, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मी एका म्हाताऱ्या बाईची सकाळ काढून घेतली होती, आणि तीही एका मेडलसाठी. अशा वेळी माझा स्वभाव मला आवडत नाही. तरी शर्यत सोडून द्यावी असंही एकदाही मनात आलं नाही, हेही खरंच सांगते.

संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्याकडे गेले. त्या आत खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि सोलायला लागले. अर्धं सूप सोलून झालं.

मग त्याच म्हणाल्या, "मी दिसली तर तू थांबशील. म्हनून आत बसते. तुझा खोळंबा कशाला?"

मला वाटलं होतं त्या रुसल्या आहेत. त्या मला जागा करून देत होत्या. मला रडू आलं ते मी शेंगांवर मान घालून लपवलं, आणि त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

मग मी तोडगा काढला. म्हटलं, मावशी, तुम्ही बाहेरच बसा. मी जाताना तुम्ही विचारा, येताना मी उत्तर देते. थांबायचं नाही, पण बोलायचं. त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा संसार असा हप्त्याहप्त्याने सुरू झाला. जाताना: "तुझ्या पोरीचा फोन आला काय?" आणि दीड तासाने येताना, धापा टाकत: "आला! बरी आहे! सर्दी झालीये!" मग मागून आवाज यायचा, "ओवा शेकायला सांग!" त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक गोष्ट पुरी व्हायला चार-चार दिवस लागायचे. माझे पाय मात्र थांबत नव्हते. तीन आठवड्यांत मी अठरा किलोमीटरवर गेले.

शर्यतीच्या दोन दिवस आधी शेवटचं हलकं धावणं होतं. जाताना मावशींनी विचारलं, "कुठंच जायाचा नाय, तर धावतेस कशाला?"

येताना मी उत्तर देणार होते. वजन, तब्येत, मुलीची जिरवायची, अशी पाच-सहा उत्तरं तयार होती. पण धावताना डोकं भलतीकडे गेलं. बावीस वर्षं मी या रस्त्यावरून जाते आहे. दळणाला, बसला, शाळेत, दवाखान्यात, कामावर. काम नसताना या रस्त्यावर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. येताना गेटापाशी आले तेव्हा मी नुसतं ओरडले, "शर्यतीनंतर सांगते!"

शर्यतीच्या दिवशी पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये सांगण्यासारखं काही नाही. थंडी होती, माणसं होती, मी माझ्या चालीने धावत होते आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. सोळाव्याला ऊन लागलं. सतराव्याला मांडीत पेटका आला. रस्त्याच्या कडेला एका दुकानाची पायरी होती, सावलीत, रिकामी. माझे पाय आपोआप तिकडे वळायला लागले. महिनाभर त्यांना शिकवलेलं ते एका पायरीपुढे विसरायला निघाले होते.

तेवढ्यात पुढे सासरे दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, दोन्ही हात वर करून उभे, त्या पहिल्या सकाळसारखे. "मी आहे! मी आहे!" ते ओरडत होते आणि आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीत मावशी होत्या. मी त्यांना ओळखलं ते अंबाड्यावरून आणि त्यातल्या अबोलीच्या वेणीवरून, कारण त्या रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सगळा रस्ता या बाजूला, ढोल या बाजूला, धावणारी माणसं या बाजूला, आणि मावशी एका बंद शटरकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेल्या. दोन माणसांनी उचलून रिक्षात घातल्याशिवाय ज्यांना गेटापलीकडे जाता येत नाही, त्या माझ्यासाठी एवढ्या लांब आल्या होत्या, आणि मी थांबू नये म्हणून तोंड फिरवून बसल्या होत्या.

मी थांबले नाही. त्या पाठीला बघून थांबायची माझी हिंमतच झाली नाही. जवळून जाताना फक्त "मावशी!" म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही. नुसता एक हात खांद्यावरून मागे केला आणि पुढे जा, पुढे जा, असा हलवला.

उरलेले चार किलोमीटर मी पेटक्यासकट धावले. कमानीखालच्या मोठ्या घड्याळात दोन तास त्रेपन्न मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावरच्या घड्याळातही, वरच्या ओळीत आणि तळाच्या ओळीत, तेवढीच. अडीच नव्हते, पण माप खरं होतं. सोमवारी बोर्डावरचा आकडा मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केला.

कमानीपलीकडे पाणी प्यायले आणि मेडल गळ्यात घेऊन तेच चार किलोमीटर लंगडत मागे गेले. मावशी अजून शटरकडेच तोंड करून होत्या. सासऱ्यांनी खुर्ची फिरवली.

"मी बघितला नाय तुला," मावशी म्हणाल्या. "पाय ऐकले. थांबले नाय ना?"

"नाही थांबले."

त्यांनी मेडल माझ्या गळ्यातून काढून तळहातावर घेतलं आणि वर-खाली करून बघितलं, पाटी उचलण्याआधी वजनाचा अंदाज घ्यावा तसं. "हलका हाय," त्या म्हणाल्या. मग माझं राहिलेलं उत्तर मी त्यांना दिलं. सांगितलं, की मावशी, बावीस वर्षांत कामाशिवाय कुठे गेले नव्हते, म्हणून धावते.

मावशींनी माझ्या बुटांकडे बघितलं. "मी जल्मभर चालली," त्या म्हणाल्या. "डोक्यावर पाटी नाय, अशी एक दिवस पन नाय चालली. तू गेलीस तर मला बरा वाटला." मेडल त्यांनी परत दिलं नाही, मुठीतच धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता?"

"उद्या धावायचं नाही मावशी. पायांना विश्रांती."

"मंग चालत ये," त्या म्हणाल्या, "आन थांब."